परदेशात विमान शिकवायचंय? आधी कोरडवाहूचा हिशेब मांडा

मागच्या मे महिन्यात शिंदखेड्याकडच्या आमच्या घरी ओट्यावर बसले होते. शिरपूरकडून दोन पोरं मोटारसायकलवर आली. दोघांकडे कोरं करकरीत कमर्शियल पायलट लायसन्स, उड्डाणाचे दोनशे तास पूर्ण, डोक्यावर कर्ज, हातात नोकरी नाही. एकाने चहा हातात घेता घेता विचारलं, "ताई, बाहेर जाऊन इन्स्ट्रक्टर व्हायचं तर काय करावं लागतं?"

मी तोंड उघडायच्या आत पलीकडच्या बाजेवरून आमचे जिभाऊ बोलले, "मंग बाई, तठे पोट भरस का?"

पोरं हसली. पण मी पाच वर्षं कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे तिथल्या सपाट मैदानी मुलखात, विमान शिकवून आले आहे आणि आता पुन्हा खानदेशातच शिकवते. मला विचाराल तर पहिला प्रश्न जिभाऊंचाच. पोट भरतं, पण ही नोकरी कोरडवाहू आहे, बागायती नव्हे. पाऊस कधी पडेल हे आपल्या हातात नसतं आणि खर्च मात्र ठरल्या तारखेला दारात उभा राहतो. म्हणून लायसन्सच्या आधी पैशाचं सांगते.

पगार म्हणजे चाललेलं इंजिन

लहान शाळांमध्ये नव्या इन्स्ट्रक्टरला बहुतेक वेळा महिन्याचा पगार नसतो. उडलेल्या तासाला दर असतो. विमानात हॉब्स नावाचं एक मीटर असतं, इंजिन सुरू झालं की तेही चालू होतं आणि ०.१ तासाने पुढे सरकतं. त्या आकड्यावर आपलं बिल निघतं. जमिनीवर बसून जे शिकवतो, त्याला कुठे कमी दर, कुठे तोच दर, कुठे काहीच नाही. विद्यार्थ्याची वाट पाहणं, हवामान बघणं, विमान हँगरमधून ओढून काढणं, रद्द झालेल्या उड्डाणाची नोंद करणं, या सगळ्याला शून्य.

माझा पहिला दर उडत्या तासाला ३२ डॉलर आणि जमिनीवरच्या तासाला २० डॉलर होता. जुलैत मी ७८ तास उडवले. आप्पांना फोन करून सांगितलं, "जमलं बुवा." मग जानेवारी आला. उडलेले तास २१, जमिनीवरचे १४. म्हणजे ६७२ आणि २८०, एकूण ९५२ डॉलर. खोलीचं भाडं ६५०. उरलेल्या तीनशे डॉलरमध्ये किराणा, फोन, बस आणि घरी पाठवायचे पैसे. घरी काही गेलं नाही, हे सांगायला नको.

चूक माझी होती. करारात इंग्रजीत लिहिलं होतं, "महिन्याला ८० तासांपर्यंत". मी ८० वाचलं आणि "पर्यंत" सोडून दिलं. २१ सुद्धा ८० पर्यंतच असतात. शाळेने काही खोटं लिहिलं नव्हतं.

म्हणून शाळेला पहिला मेल टाकाल तेव्हा "तास किती मिळतील" असं विचारू नका, सगळे उन्हाळ्याचा आकडा सांगतात. असं विचारा: गेल्या जानेवारी-फेब्रुवारीत तुमच्याकडच्या नव्या इन्स्ट्रक्टरने प्रत्येकी किती तास उडवले? विमान उडलं नाही त्या दिवशी काही किमान रक्कम आहे का? उडायच्या स्थितीत विमानं किती आणि इन्स्ट्रक्टर किती? सहा विमानं आणि चौदा इन्स्ट्रक्टर असतील तर तुम्ही रांगेत शेवटचे. आणि मी तिथे नोकर आहे की कॉन्ट्रॅक्टर? कॉन्ट्रॅक्टर असाल तर कर तुम्हीच भरायचा, सुटी तुमच्या खिशातून आणि आजारपणही तुमच्याच खिशातून. विम्याचंही लेखी मागा. विमानाचा विमा शाळेचा असतो, पण त्यात तुमचं नाव आहे का? नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी नुकसान भरून देते आणि मग तीच रक्कम तुमच्याकडे मागू शकते.

दोन दारं, दोन किल्ल्या

आता लायसन्स. इथे पोरांची हमखास गल्लत होते. शिकवण्याचा परवाना हे एक दार आणि त्या देशात काम करण्याचा परवाना हे दुसरं. एक उघडलं म्हणजे दुसरं उघडलं असं नसतं. जे एजंट "कोर्स करा, नोकरी आमच्याकडे" म्हणतात, ते पहिल्या दाराची किल्ली विकतात आणि दुसऱ्याचं नावच काढत नाहीत.

आपलं डीजीसीएचं, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक खात्याचं, लायसन्स परदेशात ओळखपत्रासारखं चालतं, कामाला चालत नाही. तिथलं विमान वाहतूक खातं डीजीसीएकडे त्याची खातरजमा मागतं आणि ते उत्तर यायला वेळ लागतो. तो अर्ज विमानाचं तिकीट काढायच्या आधी करायचा.

अमेरिकेत आपल्या लायसन्सच्या आधारावर जे मिळतं, ते फक्त खासगी पायलटचं. पैसे घेऊन शिकवायचं तर तिथलं कमर्शियल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर काही न दिसता फक्त यंत्रांवर उडवायची पात्रता) स्वतंत्रपणे घ्यावं लागतं, मग इन्स्ट्रक्टरच्या दोन लेखी परीक्षा आणि तोंडी-उड्डाण परीक्षा. पहिल्यांदा इन्स्ट्रक्टर होणाऱ्याला स्पिन (विमान गिरक्या घेत खाली येणं) शिकवता येतो याची सही आधी लागते. परदेशी माणसाला प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी टीएसए या सुरक्षा खात्याची मंजुरीही लागते. जाता जाता: तिथल्या जाहिरातीत "सीएफआय पाहिजे" वाचून घाबरू नका. आपल्याकडे सीएफआय म्हणजे चीफ, अख्ख्या शाळेचा प्रमुख. तिकडे सीएफआय म्हणजे साधा प्रमाणित इन्स्ट्रक्टर. उलट, इथले कोणी बायोडेटात सीएफआय लिहितात तेव्हा तिकडचे त्याला नवशिक्या समजतात.

अमेरिकेत इन्स्ट्रक्टरची इतकी गर्दी का, तेही समजून घ्या. २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं. त्यानंतर नियम बदलले आणि २०१३ पासून तिथे एअरलाइनमध्ये सहवैमानिक व्हायलाही साधारण १,५०० तास लागू लागले. अडीचशे तासांवरून पंधराशेवर पोचायचा सर्वात स्वस्त रस्ता म्हणजे शिकवणं. त्यामुळे तिथले बहुतेक इन्स्ट्रक्टर हे वाटेत थांबलेले प्रवासी आहेत. त्यांना कामाचा परवाना मागावा लागत नाही, तुम्हाला लागतो. एम-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकत असताना नोकरी करता येत नाही. शिक्षण संपल्यावर दर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, जास्तीत जास्त सहा महिने, प्रत्यक्ष कामाचा सराव मिळू शकतो. सहा महिन्यांत उरलेले बाराशे-साडेबाराशे तास होत नाहीत. हा गुणाकार एजंटसमोर कागदावर करून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

ब्रिटन आणि युरोपचं लायसन्स ब्रेक्झिटनंतर वेगवेगळं झालं, म्हणजे एकाचं दुसरीकडे आपोआप चालत नाही. दोन्हीकडे इन्स्ट्रक्टरचं रेटिंग सुरुवातीला बंधनासकट मिळतं: वरिष्ठाच्या देखरेखीखाली शिकवायचं आणि विद्यार्थ्याच्या पहिल्या सोलोला, म्हणजे एकट्याच्या उड्डाणाला, परवानगी तुम्ही द्यायची नाही. ऑस्ट्रेलियात ग्रेड ३ पासून १ पर्यंत चढायचं, न्यूझीलंडमध्ये सी पासून ए पर्यंत, कॅनडात क्लास ४ पासून क्लास १ पर्यंत. नावं वेगळी, शिडी एकच.

या शिडीची खालची पायरी फार महत्त्वाची आहे आणि कोणी सांगत नाही. खालच्या पायरीवर तुम्ही एकटे शिकवू शकत नाही, देखरेखीला वरचा इन्स्ट्रक्टर लागतो. माझ्या शाळेत तो एकच होता. एका सोमवारी त्याला एअरलाइनचं बोलावणं आलं. शाळेला दुसरा मिळेपर्यंत अकरा दिवस माझं लायसन्स खिशात आणि मी खुर्चीत. बाहेर आभाळ निरभ्र. कोरडवाहूत पाऊस पडतोय आणि बियाणंच नाही, तसं. तेव्हा "देखरेख करणारे किती आहेत" हाही प्रश्न मेलमध्ये घाला.

कॅनडात क्लास ४ साठी माझे किमान ३० तास विमानात आणि २५ तास जमिनीवर, शिकवायला शिकण्यात गेले. शिवाय तिथल्या परीक्षा, तिथलं मेडिकल, रेडिओचं वेगळं प्रमाणपत्र. मेडिकल सगळ्यात आधी करा, फी भरायच्या आधी. इथे क्लास १ मेडिकल पास आहे म्हणून तिथला डॉक्टर डोळे झाकून सही करत नाही.

व्हिसाचे नियम मी मुद्दाम खोलात लिहीत नाही. ते बदलतात आणि जुन्या माहितीवर लोक घर गहाण टाकतात. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज करायच्या आठवड्यात, स्वतः वाचा.

पंखावरचा खरखरीतपणा

हा प्रसंग नीट सांगते, कारण या कामातली खरी अडचण त्यातच आहे.

दुसऱ्या हिवाळ्यातली डिसेंबरची सकाळ. तापमान उणे २, दवबिंदू उणे ३. दोन्हीत एका अंशाचं अंतर म्हणजे हवा ओलीने भरलेली. दुपारच्या अंदाजात गोठणारी भुरभुर होती. माझ्या वहीत त्या आठवड्याचे तास: ३.१. भाडं चार दिवसांवर. विद्यार्थी एक शेतकरी, पन्नाशीचा, साठ किलोमीटर गाडी चालवून आलेला. मी स्वतःला समजावत होते, सर्किटच तर करायचं आहे, धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, विमानतळाच्या डोक्यावरच राहू, तासाभरात खाली.

किल्ली घेतली, विमानाकडे गेलो. मी इंधन तपासलं. पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक कपात थोडं पेट्रोल काढायचं. विमानाचं १०० एलएल निळसर असतं, पाणी असेल तर तळाशी थेंब बसतो. स्वच्छ होतं. मग हातमोजा काढून पंखाच्या पुढच्या कडेवरून उघडा हात फिरवला. खरखरीत. बारीक पॉलिश पेपरसारखं. फडक्याने पुसलं. गुळगुळीत झालं. शेपटीकडे जाऊन परत आले, पुन्हा हात लावला. पुन्हा खरखरीत.

त्या दोन मिनिटांत मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी तिसऱ्यांदा पुसलं. पंखावर हिम किंवा बर्फ चिकटलेलं असताना उड्डाण करायचं नाही हा तिथला कायदा मला पाठ होता, विद्यार्थ्यांना मीच शिकवत होते. पंखावरचा खरखरीतपणा उचल कमी करतो आणि नेहमीपेक्षा जास्त वेगावरच विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल तुटते. तरी हात पुसत होता, कारण मीटर चाललं तर १.४ तास, नाही चाललं तर शून्य.

शेवटी तो शेतकरीच म्हणाला, "पीक भिजलेलं असलं की मी हार्वेस्टर काढत नाही." आम्ही आत गेलो. दीड तास मी त्याला आयसिंग, म्हणजे विमानावर बर्फ कसं धरतं ते, शिकवलं, वीस डॉलरच्या दराने.

तासावर पैसे मिळतात तेव्हा उडायचं की नाही या निर्णयात तुमची भूक येऊन बसते. तिला बाहेर ठेवायचा एकच मार्ग मला सापडला: चार महिन्यांचा खर्च बँकेत असल्याशिवाय जायचं नाही. हे पैसे हौसेचे नव्हेत, विमानाच्या सुट्या भागांइतकेच गरजेचे आहेत. आणि स्वतःच्या मर्यादा आदल्या रात्री कागदावर लिहायच्या: इतका आडवा वारा, इतकी दृश्यता, इतकं तापमान-दवबिंदूचं अंतर. सकाळी वाटाघाट नाही.

जीभ, कान आणि आप्पा

इंग्रजीची परीक्षा पास होणं वेगळं आणि टॉवरला एकदाच बोलून समजणं वेगळं. आंतरराष्ट्रीय मापात लेव्हल ४ ची पात्रता साधारण तीन वर्षांनी, ५ ची सहा वर्षांनी पुन्हा तपासतात, ६ कायमची. माझी ५ होती. तरी पहिल्या आठवड्यात कंट्रोलरने मला तीनदा "पुन्हा बोला" म्हटलं. माझं "व्हिक्टर" आणि "व्हिस्की" त्याला सारखंच ऐकू येत होतं. आपण खानदेशी माणसं भराभर बोलतो, वाक्याचं शेपूट गिळतो. उपाय साधा होता: हळू, छोटं, प्रत्येक आकडा सुटा.

कान तर आणखी महत्त्वाचा. आपल्याकडे अल्टिमीटरचा (उंची दाखवणाऱ्या यंत्राचा) दाब हेक्टोपास्कलमध्ये मिळतो, मानक १०१३. तिकडे पाऱ्याच्या इंचांत, मानक २९.९२. एका इंचाची चूक म्हणजे जवळपास हजार फुटांची चूक. मला सवय होईपर्यंत मी आकडा गुडघ्यावरच्या पाटीवर लिहून मगच फिरवायचे.

शिकवायचा सराव मात्र इथेच करून जा, मराठीत. जायच्या आधी मी आप्पांना कपाशीच्या बांधावर बसवून स्टॉल समजावला होता. पंखावर हवा ज्या कोनाने येते तो फार वाढला की हवा पंखाला धरून राहत नाही, उचल कोसळते, म्हणून नाक खाली करायचं, कोन कमी करायचा. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विमान खाली पडू राहिलं आणि तू अजून नाक खाली कर म्हणतेस? जमीन जवळ नाही का येणार?" मी नियम सांगितला, त्यांचं समाधान झालं नाही. वर्षभराने एका कॅनेडियन मुलीने, घट्ट योक (विमानाचं हातातलं नियंत्रण-चाक) ओढून धरत, अगदी हेच विचारलं. तोपर्यंत मला उत्तर सापडलं होतं. मी तिला तीन हजार फुटांवर नेलं, किती उंची जाते ते अल्टिमीटरवर मोजायला लावलं. अडीचशे फूट गेले. "हे अडीचशे फूट विकत घ्यायचे असतात," म्हटलं. तिची पकड सैल झाली.

बाईमाणूस म्हणून एक जोडते. नियंत्रण देता-घेताना "माझ्याकडे", "तुमच्याकडे", "माझ्याकडे" असा तीनदा उच्चार करायचा असतो. आपल्याला मोठ्या माणसावर आवाज चढवायची सवय नसते. जमिनीपासून वीस फुटांवर सहा फुटी माणूस योक ओढून गोठला की आदबशीर आवाज चालत नाही. मी हा आवाज खोलीत एकटी असताना ओरडून ओरडून कमावला. शेजारणीने दार वाजवलं होतं.

खानदेशातून काय न्यायचं

आपलं ऊन. जळगावला मे महिन्यात दुपारी ४४ अंश असताना, जमीन समुद्रसपाटीपासून साधारण आठशे फुटांवर असूनही, हवा विरळ होऊन विमानाला वाटतं आपण साडेचार हजार फुटांवर आहोत. धावपट्टी जास्त लागते, चढाई मंदावते. हे मी इथे पोटात गोळा येऊन शिकले होते, म्हणून तिकडच्या उन्हाळ्यात घाबरले नाही. थंडी मात्र कोरी पाटी होती. उणे २५ ला इंजिन आधी तासन्‌तास गरम करावं लागतं, हे मला पुस्तकात माहीत होतं, बोटांना नाही. गरम कपडे इथून नेऊ नका, तिथेच घ्या. ज्वारीचे बिबडे मात्र इथून न्या.

वाट शोधायची सवयही बदलावी लागते. इथे उत्तरेला सातपुडा, मध्ये तापी, शेजारी सुरत-भुसावळ रेल्वे. हरवायचं म्हटलं तरी हरवता येत नाही. प्रेअरीतल्या माझ्या भागात डोंगर नाही, नदी नाही, पण शेतरस्ते सरळ उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम आखलेले, साधारण मैलामैलावर. होकायंत्र भरकटलं तरी खालचा रस्ता दिशा सांगतो. पहिल्या महिन्यात मला ती जमीन मुकी वाटायची. नंतर तीच सगळ्यात बोलकी वाटू लागली.

कागदांचं पटकन सांगते. लॉगबुकच्या प्रत्येक पानाची प्रत, शाळेच्या सहीशिक्क्यासह, दोन ठिकाणी ठेवा. कामासाठी कायम बाहेर गेलात की इथलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, बँकेला कळवा. परत यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, तिकडचं इन्स्ट्रक्टर रेटिंग इथे आपोआप चालत नाही. मी परत आले तेव्हा पाच वर्षांचा अनुभव हातात घेऊन पुन्हा परीक्षार्थी झाले होते.

त्या दोन पोरांपैकी एकाने मागच्या आठवड्यात दोन शाळांना मेल टाकले, मी सांगितलेल्या प्रश्नांसकट. एकीने उत्तर दिलं नाही. दुसरीने फेब्रुवारीचा आकडा कळवला: ३१ तास. परवा तो पुन्हा ओट्यावर आला होता. जिभाऊंनी त्याच्याकडून वही मागून घेतली, पेन्सिल कानावरून काढली आणि वर लिहिलं, "३१". मग चष्मा वर करून विचारलं, "खोलीनं भाडं कितलं?"